मामा, याचं छप्पर कुठं गेलं?

परदेशातून सुट्टीला आलेली भाचरं रोमन अवशेष बघून आलेली असतात. त्यांना वसई-विरारमध्ये काय दाखवायचं? उत्तर तुमच्या रोजच्या स्टेशनच्या नावातच आहे.

नाताळ जवळ आला की वसई-विरारमधल्या कितीतरी घरांत एक सीन हमखास घडतो. युरोपात नोकरीला असलेली ताई, मावशी किंवा काका सुट्टीला घरी येतात. सोबत पाच, सात, नऊ वर्षांची पोरं. पहिले दोन दिवस जेट लॅगमध्ये आणि आजीच्या हातचं खाण्यात जातात. तिसऱ्या दिवशी पोरं कंटाळतात आणि घरातले सगळे एकदम तुमच्याकडे बघतात. तुम्ही कॉलेजात आहात, म्हणजे तुम्हाला वेळच वेळ आहे, असा घरच्यांचा ठाम समज असतो. ‘जा रे, यांना जरा फिरवून आण कुठंतरी.’

तुमच्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो मॉल, नाहीतर बीच. पण आधी या पोरांशी पाच मिनिटं बोला. त्यांचे आईबाप तिकडे वीकेंडला त्यांना घेऊन भरपूर भटकलेले असतात. कुणी रोमचं कलोसियम पाहिलेलं असतं, कुणी इंग्लंडमधल्या बाथ गावातली रोमन स्नानगृहं, कुणी जर्मनीतल्या ट्रिअरचा तो काळा पडलेला रोमन दरवाजा. सात वर्षांचं पोर तुम्हाला सांगतं, की रोमन लोक फरशीखालून गरम हवा खेळवून खोल्या उबदार ठेवायचे. आणि मग सहज विचारतं, ‘मामा, तुमच्याकडे असं जुनं काय आहे?’

आता बोला. ‘आहे ना, किल्ला आहे’ एवढं म्हणून गप्प बसणार, की त्याला हाताला धरून नेणार?

स्टेशनचं नाव रोमनांना माहीत होतं

सुरुवात नालासोपारा स्टेशनापासून करा. हो, तेच स्टेशन, जिथं सकाळच्या लोकलमध्ये शिरणं हीच एक लढाई असते. या नावातला ‘सोपारा’ दोन हजार वर्षांहून जुना आहे. संस्कृत ग्रंथांत तो ‘शूर्पारक’ आहे आणि बौद्ध कथांत ‘सुप्पारक’.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे इजिप्त रोमन साम्राज्यात होतं त्या काळात, ग्रीक जाणणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्यानं समुद्रमार्गाची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. तांबड्या समुद्रातून निघालं की कुठली बंदरं लागतात, कुठं काय विकलं जातं, कुठं सांभाळून राहायचं, हे सगळं त्यात आहे. आजच्या भाषेत ट्रॅव्हल गाइड म्हणा. त्यात आपल्या किनाऱ्यावर भडोचच्या दक्षिणेकडे दोन ओळखीची नावं येतात. एक सुप्पारा आणि दुसरं कल्लिएना. म्हणजे सोपारा आणि कल्याण. पुढच्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही सोपारा आहे.

तेव्हा भाच्याला बिनधास्त सांगा, ‘तू ज्यांची स्नानगृहं बघून आलास ना, त्यांच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांना आपल्या स्टेशनचं नाव माहीत होतं.’

फक्त एक लक्षात ठेवा. सोपाऱ्यात रोमन खांब किंवा आखाडे शोधायला जाऊ नका, ते इथं कधी नव्हतेच. रोमन जगाशी आपलं नातं होतं ते व्यापाराचं. त्या व्यापाराच्या खुणा महाराष्ट्रात इतरत्र सापडल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा पोसायडन या समुद्रदेवाची कांस्याची छोटी मूर्ती मिळाली. आजही ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. इतकंच कशाला, तुम्ही नाणेघाटचा ट्रेक केला असेल. बंदरावर उतरलेला माल याच घाटानं वर जायचा. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. हे टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलं, असं तो सांगतो. म्हणजे नालासोपाऱ्याचा एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी घाटातल्या वाटसरूंच्या पाण्याची सोय करून गेला. त्या टाक्यावर उभं राहून आपण फोटो काढतो आणि पुढं जातो.

एवढं मोठं बंदर गेलं कुठं? खाड्या गाळानं भरत गेल्या, मोठी गलबतं आत येईनात आणि व्यापार दुसरीकडे सरकला. पोरांना हे समजावणं सोपं आहे. बीचवर एक छोटा चर खणायला लावा, त्यात पाणी सोडा आणि दोन्हीकडून वाळू घसरताना बघू द्या. एवढं पुरतं.

डब्यात डबा, त्यात डबा

स्टेशनच्या पश्चिमेला सोपारा गावात एक स्तूप आहे. स्थानिक लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले आहेत. आज तिथं विटांचा एक रुंद, बसका ढिगारा दिसतो. कलोसियम बघून आलेलं पोर त्याच्याकडे बघून नाक मुरडेल. मुरडू द्या. मग गोष्ट सुरू करा.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी या संशोधकानं हा ढिगारा मधोमध खणायला घेतला. आत एक गोल दगडी पेटी लागली. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती आठ छोट्या धातूच्या मूर्ती. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढं येणारा बुद्ध. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडा. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं.

इथं थांबा आणि पोरांना विचारा, ‘सोन्याच्या डबीत काय असेल?’ हिरा, मोती, मुकुट, डायनासोरचा दात, सगळी उत्तरं येतील. खरं उत्तर ऐकून त्यांचे डोळे बघा. त्यात होते मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते इतक्या जपून ठेवले असावेत, असं भगवानलालांचं मत होतं. सोनं, चांदी, स्फटिक ही सगळी नुसती वेष्टनं. जपायची वस्तू काय, तर फुटक्या वाडग्याची खापरं. कुठली वस्तू मौल्यवान, हे कोण आणि कसं ठरवतं, याचा एवढा चांगला धडा तुम्हाला तरी कुणी शिकवला होता का?

हा ठेवा आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी सहली काढायचे. आपण मात्र लोकांना भेटायला, वृद्धांना दान द्यायला आणि धर्माबद्दल बोलायला यात्रा सुरू केली, असं. बावीसशे वर्षांपूर्वी इथल्या दगडावर चक्क सहलीबद्दल लिहिलेलं होतं!

किल्ल्यात तीनच गोष्टी बघा

दुसरा दिवस वसईच्या किल्ल्याला द्या. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा मिळते. किल्लाबंदरला जाणारा रस्ता किल्ल्यातूनच जातो. भाईंदरहून येत असाल, तर रो-रो बोटीनं या. किल्ला पाण्यावरूनच बघायचा असतो, कारण तो बांधणारे तिकडूनच आले होते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षं इथं तटबंदीच्या आत एक अख्खं शहर नांदत होतं. दहा बुरूज, दोन मुख्य दरवाजे, एक समुद्राकडे आणि एक जमिनीकडे. आत चर्च, मठ, इस्पितळ, तुरुंग, घरं. याच वसईत जन्मलेले आणि जेझुइट पाद्र्यांकडे शिकलेले गोन्सालो गार्सिया पुढं जपानला गेले. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं गेलं आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले.

पण हे सगळं लहान मुलांना एका दमात ऐकवलंत, तर तुमचा इतिहासाचा तास होईल आणि ती पोरं कायमची पळतील. सगळा किल्ला दाखवायचा हट्ट सोडा. तीन गोष्टी पुरे.

पहिली गोष्ट कमान. किल्ल्यात अर्धगोल कमानी ठिकठिकाणी आहेत. ही युक्ती रोमनांनी जगभर नेली. पूल, जलवाहिन्या, आखाडे, सगळं कमानींवर उभं केलं. तीच परंपरा युरोपातून पोर्तुगीजांबरोबर वसईला आली. दोन पोरांना समोरासमोर उभं करा, हातात हात देऊन एकमेकांवर रेलायला सांगा. दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून दोघंही पडत नाहीत. ही झाली कमान. आता एकाला हात सोडायला सांगा. तुम्हाला पुढं काही समजवावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट अक्षरं. सेंट अँथनीच्या, म्हणजे फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषांत जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज लेख कोरलेले आहेत. भाषा कळणार नाही, पण अक्षरं पहिलीतलं पोरसुद्धा ओळखेल, कारण ती रोमन लिपी आहे. एबीसीडी शिकलेल्या मुलाला चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव एकेक अक्षर जुळवत वाचता येतं. वाचू द्या. मात्र शिळांवर पाय देऊ नका, खडू किंवा कोळसा घासू नका. खाली कुणीतरी झोपलेलं आहे, एवढं सांगितलं की पोरं आपोआप हळू चालतात.

तिसरी गोष्ट छप्पर. सेंट जोसेफ चर्चच्या आत उभं राहून वर बघितलं की थेट आभाळ दिसतं. १५४६ मध्ये बांधलेलं आणि १६०१ मध्ये पुन्हा उभारलेलं हे चर्च. ‘मामा, याचं छप्पर कुठं गेलं?’ हा प्रश्न इथं शंभर टक्के येणार. उत्तर चटकन देऊ नका. उलट विचारा, ‘काय काय टिकतं आणि काय काय नाही टिकत?’ दगड टिकतो, लाकूड कुजतं, कौलं फुटतात, लोखंड गंजतं आणि कामाची वस्तू लोक उचलून नेतात. भिंतीत उरलेल्या खाचा शोधायला लावा, तुळया कुठं टेकत असतील ते पोरं स्वतः दाखवतील. पुरातत्त्वज्ञ हेच तर करतो. जे नाही ते कसं होतं, हे उरलेल्यावरून ओळखतो. तुम्ही इथं पन्नास वेळा आला असाल, प्रोजेक्टसाठी, रीलसाठी, कुणाच्या तरी प्री-वेडिंगसाठी. पण छपराचा प्रश्न तुम्हाला पडला होता का?

घंटा कुठं गेल्या?

चर्चचा मनोरा बघितला की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘यात घंटा होती का?’ होती. आणि त्या घंटांची गोष्ट तर अख्ख्या महाराष्ट्रभर पसरलेली आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई जिंकली. सुरुंगांनी तट उडवून, हजारो माणसं गमावून मिळवलेला हा विजय होता. त्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून निरनिराळ्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात जी प्रचंड घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. तेव्हा कॉलेजची ट्रिप नाशिकला किंवा वाईला गेली, तर घंटेखाली जाऊन तिच्यावरची अक्षरं नक्की बघा. ती वसईची पाहुणी आहे.

इथं लहान मुलं एक अवघड प्रश्न विचारतात. ‘यात चांगले कोण आणि वाईट कोण?’

वसईत हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. तुमच्या वर्गात सामवेदी ख्रिस्ती, कोळी, वाडवळ, आगरी, सगळ्या घरची मुलं असतात. एकाच्या घरी वज्रेश्वरीची पूजा असते, दुसऱ्याच्या घरी नाताळचा गोठा. त्यामुळे उत्तर देताना घाई करू नका. पोर्तुगीज राजवटीत धर्माच्या नावानं जुलूम झाला, देवळं पाडली गेली, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. वसईच्या मोहिमेमागचं ते एक कारण होतं. तितकंच खरं हेही आहे, की १७३९ च्या तहात हरलेल्या सैन्याला सन्मानानं बाहेर पडू दिलं गेलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्म पाळायची मोकळीक मिळाली. ते लोक इथलेच होते, इथंच राहिले आणि आज तुमचे शेजारी आहेत. सात वर्षांच्या पोराला एवढं पुरेसं आहे, की राजे लढले आणि लोक राहिले. बाकीचं त्याला मोठेपणी स्वतः वाचू दे.

आणि वातावरण जड झालंच, तर वडापाव घ्या. खाताना सांगा, ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. चावी, पगार, बालदी, घमेलंसुद्धा. घरी जाऊन असे अजून किती शब्द सापडतात, याची पैज लावा. आजी सगळ्यात जास्त शब्द सांगेल.

निघण्याआधी एवढं बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. सकाळी लवकर निघा आणि ऊन तापायच्या आत परत या. पावसाळ्यात किल्ला हिरवागार दिसतो, पण शेवाळ, गवत आणि सापकिरडू यांमुळे लहान मुलांना नेऊ नका.

पायात बूट, डोक्यावर टोपी आणि प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली हवी. खाऊ सोबत न्या आणि कचरा परत आणा.

चक्री जिने, कठडा नसलेले तट आणि विहिरी यांच्यापासून लांब. दोन मुलांमागे एक मोठं माणूस असू द्या. वर चढून रील काढायचा मोह झालाच, तर ही पोरं तुमचं बघून उद्या तेच करणार आहेत, हे आठवा.

एक वही आणि पेन्सिल द्या. फोटो शंभर निघतील आणि विसरले जातील. काढलेली एक कमान लक्षात राहील.

भिंतीवर नाव कोरू नका, कुणी कोरत असेल तर थांबवा. १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकाची नासधूस केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोपाऱ्याचा स्तूप आणि वसईचा किल्ला, दोन्ही केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

तिसऱ्या मजल्यावरचं पोर

बाथच्या स्नानगृहांत लहान मुलांसाठी वेगळं ऑडिओ गाइड मिळतं. आपल्याकडे ते नाही. पण याचा अर्थ असा, की इथला गाइड तुम्ही आहात. तुम्हाला जेवढं माहीत असेल तेवढंच त्या पोराला दिसेल. तुम्ही ‘जुना किल्ला आहे’ म्हणालात, तर त्याला दगड दिसतील. तुम्ही छपराचा प्रश्न विचारू दिलात, तर त्याला शहर दिसेल.

आणि हे फक्त परदेशातल्या भाचरांसाठी नाही. खरं तर त्यांचं ठीक चाललंय. त्यांचे आईबाप त्यांना रोमपर्यंत नेतात. काळजी आहे ती तुमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, तुमच्या ‘दादा’ म्हणून मागं लागणाऱ्या पोराची. त्याचे आईवडील पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. रविवारी त्यांच्यात उठायचंही त्राण नसतं. त्या पोराला इंग्लंडमधलं बाथ माहीत नाही, ते चालेल. पण आपल्या स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर सोन्याच्या डबीत मातीची खापरं जपली होती, हेही त्याला माहीत नाही. त्याला वाटतं, आपण जिथं राहतो तिथं बघण्यासारखं काहीच नाही. फक्त गर्दी, पाण्याचे टँकर आणि नव्या इमारती. असं वाटणारं मूल मोठं होऊन या जागेसाठी कधी भांडेल का? उद्या एखादा तट ढासळला, एखादं तळं बुजवलं गेलं, तर त्याला काय तुटल्यासारखं वाटेल?

नाताळच्या सुट्टीत भाचरांना घेऊन निघाल ना, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवा. त्यालाही सोबत घ्या. कमान करायला तसेही दोघं लागतातच.